'बंद केला', 'बंद झाला' की 'बंद पडला'?

घरातल्या माणसांची कॉम्प्युटरची अडचण फोनवरून सोडवताना मला सगळ्यात जास्त अडवणारा शब्द इंग्रजी नाही. तो आपला 'बंद' आहे. त्यावर इथे चर्चा व्हावी असं बरेच दिवस मनात होतं.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. छापायला दिलेलं पान प्रिंटरमधून बाहेरच येत नव्हतं. मी म्हटलं, "कॉम्प्युटर बंद करून परत चालू कर." पाच सेकंदांत उत्तर, "केला." पुन्हा सांगितलं, पुन्हा तितक्याच वेळात "केला". तिसऱ्यांदा मी विचारलं, "मावशी, कुठलं बटण दाबतेस?" "हे काय, पडद्याच्या खालचं. दाबलं की काळं होतं, परत दाबलं की येतं."

ती मॉनिटर बंद करत होती, आणि शब्दाप्रमाणे बरोबरच करत होती. दिवा बंद, टीव्ही बंद, तसाच हा बंद. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली आणि काम त्या डब्यात चालतं, हे माझ्या वाक्यात कुठेच नव्हतं.

'बंद' आपल्याकडे फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ बांधण्याशी जोडलेला आहे आणि संस्कृत 'बंध' हा त्याच्याच कुळातला. अंगरख्याचे बंद आठवा. म्हणजे शब्दाचा गाभा 'वाट अडवली' असा आहे, 'आतलं काम थांबलं' असा नाही. दार बंद केलं म्हणून आतला संसार थांबत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत नेमका हाच घोळ होतो. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो सहसा नुसता झोपतो. रॅमला, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीला, वीज मिळत राहते आणि उघडल्यावर सगळं होतं तसं समोर येतं, अडकलेला प्रोग्रॅमसुद्धा. फोनच्या कडेचं बटण हलकेच दाबलं तर पडदा विझतो, फोन जागाच असतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शटडाऊन' केल्यावर आपले उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच उचलून वापरले जातात. त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं, पण ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तोही तसाच परत येतो. 'रीस्टार्ट' केलं तर सगळं पहिल्यापासून उभं राहतं. मावशीचा प्रिंटर रीस्टार्टनेच सुरळीत झाला. म्हणून माझं ठाम मत आहे की 'बंद करून चालू कर' हे 'रीस्टार्ट कर'चं भाषांतर म्हणून वापरू नये. सूचना वेगळी आहे आणि परिणामही वेगळा.

तुम्ही घरी काय शब्द वापरता?

प्रतिसाद

पटलं. आमच्याकडे लॅपटॉप 'मिटतो'. पुस्तक मिटतो, छत्री मिटतो, डोळे मिटतो, तसाच. बाबांना विचारलं की "मिटलात का बंद केलात?", तर ते लगेच नीट सांगतात. स्क्रीनसाठी 'विझवणं'. दोन्ही शब्द घरातलेच, शिकवावे लागत नाहीत. 'पुनरारंभ' कागदावर छान दिसतो, पण फोनवर दोनदा सांगावा लागतो. रीस्टार्टला रीस्टार्टच राहू द्या.

प्रतिसाद

शीर्षकातल्या तीन क्रियापदांवर मूळ लेखात काहीच आलं नाही, आणि मला तर तीच महत्त्वाची वाटतात. 'बंद केला' म्हणजे माणसाने केला. 'बंद होतो' म्हणजे आपोआप. तिथे मी आधी बॅटरी आणि तापमान बघते, कारण फार तापलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. 'बंद पडला' म्हणजे बटण दाबूनही हूं की चूं नाही; तिथे चार्जर आणि प्लगपासून सुरुवात. मराठी माणूस यातलं योग्य क्रियापद न ठरवता अचूक निवडतो. ऐकणाऱ्याने ते ऐकायला हवं.

'उडाली' आणि 'उडवली'चंही तेच. "फाईल उडाली" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा ती पुसलेली नसते, चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढलेली असते. नावाने शोधलं की सापडते. "उडवली" म्हटलं तर आधी रिसायकल बिन बघायचा. मात्र पेनड्राइव्हवरून उडवलेली फाईल सहसा बिनमध्ये जातच नाही. अशा वेळी त्या पेनड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका, नाहीतर परत मिळवायची आशाही जाते.

मूळ लेखकाचं उत्तर

'मिटणं' आजपासून घेतलं. क्रियापदांची बाजू माझ्याकडून राहिली होती, ती तुम्ही भरून काढलीत. त्यातच 'गेलं' जोडतो. "नेट गेलं" म्हणताना ते परत येणार हे बोलणाऱ्याने धरलेलंच असतं, लाईट जाते तसं. "हार्ड डिस्क गेली" म्हणताना मात्र कोणी वाट बघत नाही. क्रियापद एकच, पण पहिल्याला मी राउटरची पिन काढून अर्धा मिनिट थांबायला सांगतो आणि दुसऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, "फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?"

कालच मावशीचा परत फोन आला होता. या वेळी तिने स्वतःच विचारलं, "पडदा विझवू, की डबा रीस्टार्ट करू?"