होडीचा जुना रंग घासताना भुकटी नदीत जाते, अडवायची कशी? (बार्देस, गोवा) मदत हवी आहे

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज, कारण १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते आणि आमच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत.

आमचा एक लहान ट्रॉलर आणि दोन फायबरच्या होड्या आहेत, बाबा आणि काका बघतात. जून-जुलैची ६१ दिवसांची बंदी म्हणजे डागडुजीचे दिवस, सगळं वर काढायचं, तळाला चिकटलेली कालवं आणि बार्नॅकल (बुडाला घट्ट बसणारे कवचाचे बारके जीव) पटाशीने उडवायचे, मग ग्राइंडर लावून जुना रंग काढायचा आणि नवा तांबडा कॉपरवाला रंग मारायचा. लहानपणापासून बघतेय, कधी काही वाटलं नाही.

यंदा मे महिन्यात काकीने आमच्याच खाडीतल्या तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणल्या. रात्रभर पाण्यात ठेवल्या, सकाळी पाणी ओतलं तर तोपाच्या बुडाला रेती आणि रेतीत बारीक तांबडे कण. मला वाटलं शिंपल्याचे तुकडे असतील. एक नखावर घेऊन उजेडात धरला तर कडेला थर दिसले, तांबडा, मध्ये निळा, परत तांबडा. तीन वर्षांपूर्वी काकांनी ट्रॉलरच्या तळाला एकदाच निळा मारला होता, तो मी स्वतः ढवळून दिलेला. मे मध्ये रंगकाम कोणीच करत नाही, म्हणजे हा आदल्या पावसाळ्यातला रंग वर्षभर चिखलात पडून होता. त्या तिसऱ्या मी काकीला शिजवू दिल्या नाहीत, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

नंतर वाचलं की हे रंग एपॉक्सी, विनाइल, अल्किड असल्या रेझिनचे असतात, म्हणजे सुकल्यावर ते प्लास्टिकच. वर त्यात तांबं, कारण त्याचं कामच मुळी चिकटायला येणाऱ्या पिल्लांना मारणं. तीच भुकटी तिसऱ्यांच्या बिछान्यावर.

काकांना सांगितलं तर म्हणाले, बाय, पाऊस धुवून नेतो, नदी मोठी आहे. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. मला त्यांच्याशी भांडायचं नाही, काहीतरी जमण्यासारखं हातात द्यायचंय. भुकटी गोळा कशी करायची, गोळा केली तर टाकायची कुठे आणि कमी त्रासाचा रंग आहे का जो आमच्यासारख्यांना परवडेल? कोणी केलं असेल तर सांगा.

जुना_फिटर:
ताई, मी बार्ज रिपेअरीत अठरा वर्षं काढली, सरळ सांगतो. पहिलं म्हणजे कोरडा ग्राइंडर बंद करा. भुकटी उडते ती नदीत जाते तशी तुमच्या काकांच्या छातीतही जाते, नुसता रुमाल बांधून काही होत नाही, चांगला मास्क हवाच. ओल्या पॉलिशपेपरने घासा नाहीतर व्हॅक्यूम जोडायचा सँडर भाड्याने बघा.

होडी वर काढल्या काढल्या, तळ ओला असतानाच कालवं काढायची. सुकली की सिमेंटसारखी होतात, मग जोर लावावा लागतो आणि रंगाच्या खपल्या निघतात. खाली जाड ताडपत्री, कडा विटांवर उचलून घ्यायच्या म्हणजे वाफ्यासारखं होतं, पाणी बाहेर पळत नाही. वर पण छप्पर घाला, पावसात उघड्यावर घासलं तर खालच्या ताडपत्रीचा उपयोग शून्य. घासणीचं पाणी ड्रममध्ये ठेवून निवळू द्या, भुकटी जड असते, बुडाला बसते. वरचं पाणी जुन्या चादरीतून गाळून घ्या, पण नदीत सोडू नका, त्यात तांबं असतं.

आणि दरवर्षी मुळापर्यंत का काढता? सुटलेला तेवढाच काढा, बाकी घट्ट असेल तर वरून कोट चालतो, फक्त आधीच्या रंगाशी जुळतो का ते दुकानात डबा दाखवून विचारा. यानेच निम्मी भुकटी कमी होईल.

चिखल_आणि_खेकडे:
मरीन सायन्स शिकलोय म्हणून थोडी भर. हे कण पाण्यापेक्षा जड, त्यामुळे बाटल्या-पिशव्यांसारखे तरंगत नाहीत, गाळात जातात. वरच्या पाण्यात जाळी ओढून मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे बारीक कण) मोजलं की रंगाचे कण मोजणीतून सुटतात. २०१७ च्या आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था) अहवालात, मुळात बारीक कणांच्याच रूपात समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये जहाजांच्या रंगाचा वाटा ३.७ टक्के धरला होता. २०२२ मध्ये एका स्विस संस्थेने इमारती, रस्ते, जहाजं असे सगळेच रंग मोजले तेव्हा वर्षाला १९ लाख टन समुद्रात आणि नद्यांत जातात असा अंदाज निघाला. अंदाजच आहेत, पण तुमच्या तोपातला कण काही अंदाज नाही.

दुसरं, बरेचसे अँटीफाउलिंग रंग (म्हणजे तळाला जीव चिकटू नयेत म्हणून मारतात ते) पाण्यात झिजत राहावेत असेच बनवलेले असतात. घासणी अडवली तरी थोडा जाणारच. म्हणून तुमच्या फायबरच्या होड्या, त्या रोज वाळूवर ओढता का? ओढत असाल तर त्यांना हा रंग लागतच नाही, एका दिवसात बार्नॅकल बसत नाही. फक्त ट्रॉलरला मारा. सिलिकॉनचा बिनविषारी कोट असतो पण बोट जोरात पळाली तरच चिकटलेलं गळून पडतं, जाळं ओढत सावकाश जाणाऱ्या ट्रॉलरला फायदा कमी आणि महाग.

हताश होऊ नका. टीबीटी नावाचं याहून जहाल विष रंगात होतं, त्याने फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीतला कालवांचा धंदा बसला. १९८२ मध्ये तिथे लहान होड्यांवर तो रंग मारायला बंदी आली, २००८ पासून जगभरच्या जहाजांवर. कालवं परत आली तिथे.

खाडीकाठची:
दोघांचे खूप आभार. हो, होड्या रोज वरच ओढतो! तरी दरवर्षी दोन डबे त्यांच्यावर जातात. हे काकांना आत्ताच सांगितलं, डब्याची किंमत ऐकून पहिल्यांदा नीट लक्ष दिलं त्यांनी. ताडपत्रीचं उद्या बघतो. फक्त एक राहिलं, ड्रमच्या बुडाला जी भुकटी उरेल ती पंचायतीच्या कचऱ्यात द्यायची नाही हे कळतंय, पण पिसुर्ल्याच्या घातक कचऱ्याच्या प्लांटला आमच्यासारख्यांची एक गोणी घेतात का, की जेटीवरच्या सगळ्यांनी मिळून द्यावी लागते? कोणी दिली असेल तर इथेच लिहा, शनिवारी घासायला सुरुवात करतोय.