टाकी मोठी केली तर ठिबकचा दाब वाढेल का?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. लाईट बहुतेक रात्रीची येत असल्याने विहिरीचे पाणी आधी उंचावरच्या सिमेंटच्या टाकीत घ्यायचे आणि दिवसा ते उताराने ठिबकला सोडायचे, अशी सोय आम्ही केली आहे. टाकी भरलेली असताना तिच्यातील पाण्याची पातळी बागेच्या जमिनीपासून साधारण ५ मीटर उंच असते. टाकीकडच्या ओळी तरारलेल्या आहेत. शेवटच्या ओळींत मात्र तोटीखालची ओल वीतभरही पसरत नाही.

माझे थोरले भाऊ म्हणतात की त्याच उंचीवर दुप्पट पाणी मावेल अशी टाकी बांधू, म्हणजे पाण्याचे वजन वाढेल आणि दाबही वाढेल. पुतण्याचे म्हणणे असे, की सबमेन (मुख्य लाईनचे पाणी ओळींतल्या नळ्यांना वाटणारी नळी) बारीक करावी, कारण नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडते. इकडे दुकानदार सांगतो की वेंच्युरीच्या (ठिबकच्या पाण्यात खत मिसळणाऱ्या, मध्ये अरुंद असलेल्या नळीच्या) अरुंद गळ्यात दाब कमी होतो, म्हणूनच ती खत ओढते. अरुंद जागेत दाब वाढतो की घटतो? आमची वेंच्युरी मोटारीवर नीट चालते. टाकीच्या पाण्यावर मात्र खताचा थेंबही ओढत नाही.

जाता जाता आणखी एक शंका. विहिरीतून मोटार वर काढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. खोल पाण्यात दाब जास्त असतो, तर तळाशी ती आणखी हलकी असते का?

गुरुजी_अमळनेर

भाऊ, टाकी दुप्पट मोठी केल्याने दाब तसूभरही वाढणार नाही. स्थिर पाण्यातील एखाद्या बिंदूवरचा दाब त्या बिंदूपासून पाण्याची पातळी किती उंच आहे, पाण्याची घनता किती आणि गुरुत्वत्वरण किती, या तिन्हींच्या गुणाकाराने ठरतो. टाकीची लांबी-रुंदी त्या गुणाकारात कोठेच येत नाही. आपल्या बंधूंचे वजनाचे म्हणणे खोटे नाही. दुप्पट पाण्याचे वजन दुप्पटच भरेल, परंतु उंची तीच ठेवून टाकी वाढवली की ते वजन पेलणारा तळही दुप्पट होतो, आणि दाब म्हणजे त्या तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला येणारे बल. भांड्याचा आकार कसाही असला तरी तळावरचा दाब पाण्याच्या उंचीवरच ठरतो, हे सिमॉन स्टेविनने १५८६ साली मांडले होते, आणि तरीही आजवर ते पहिल्या ऐकण्यात कोणाला पटत नाही.

पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा दाब देतो. दुकानात ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात ते हेच. आपल्याकडे ५ मीटर, म्हणजे अर्धा किलो, आणि तोही सगळे व्हॉल्व बंद असताना. पाणी वाहू लागले की नळ्यांच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणात आणि पाण्यातील भोवऱ्यांत या उंचीचा काही भाग वाटेतच खर्ची पडतो, आणि तोटीपर्यंत जे उरते तेवढ्यावरच झाडाचे पाणी ठरते. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा, की ५ मीटरपैकी किती मीटर कोठे हरवतात.

ते मोजायला महागडे यंत्र लागत नाही. एक पारदर्शक नळी लांब बांबूला उभी बांधावी, तिचे खालचे टोक मोजायच्या जागी जोडावे, वरचे उघडे ठेवावे आणि ठिबक चालू असताना तिच्यात पाणी जमिनीपासून किती उंच चढून थांबते ते पाहावे. ती उंची हाच त्या जागेचा दाब. फिल्टरच्या आधी, फिल्टरनंतर, सबमेनच्या सुरुवातीला, सबमेनच्या शेवटी आणि सर्वांत लांबच्या नळीच्या टोकाला असे पाच आकडे घेऊन येथे कळवा.

ठिबकजोडणी_चोपडा

गुरुजींचे म्हणणे बरोबर आहे. त्याला थोडी पुस्ती जोडतो. मोठ्या टाकीचा फायदा अजिबात नाही असे मात्र नाही. रुंद टाकीची पातळी हळू उतरते, त्यामुळे पाणी सोडल्यावर सुरुवातीचा दाब अधिक वेळ टिकतो. तो आधीपेक्षा जास्त होत नाही, एवढेच. पैसे घालायचेच असतील तर ते उंचीत घालावेत.

दुसरे असे, की साध्या तोटीचा प्रवाह दाबाच्या प्रमाणात बदलत नाही, तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तोटीवर ताशी ४ लिटर लिहिलेले असते ते १ किलो दाबाला. अर्ध्या किलोला ती २ लिटर देईल असे वाटते, प्रत्यक्षात सुमारे २.८ लिटर देते. हे गणित आपल्या बाजूचे आहे, कारण दाबात पडलेला फरक पाण्यात तितका दिसत नाही. जोडणी करताना आम्ही असे धरतो की एका वेळी चालणाऱ्या तोट्यांमध्ये दाबाचा फरक २० टक्क्यांच्या आत राहिला, तर पाण्याचा फरक १० टक्क्यांच्या आसपास राहतो.

केळीबाग_रावेर

गुरुजी, सांगितल्याप्रमाणे मोजले. फिल्टरच्या आधी ४.६ मीटर, फिल्टरनंतर ३.७, सबमेनच्या सुरुवातीला ३.६, सबमेनच्या शेवटी २.० आणि शेवटच्या नळीच्या टोकाला १.६ मीटर. सबमेन ५० मिलिमीटरची आहे. जमीन जवळपास सपाट आहे.

गुरुजी_अमळनेर

फार उपयोगी आकडे दिलेत. फिल्टरने एकट्याने ०.९ मीटर खाल्ले आहेत; एवढ्या कमी दाबाच्या जोडणीत ते परवडणारे नाही, तेव्हा आधी जाळी काढून धुवा. खरी घट मात्र सबमेनमध्ये आहे, तेथे १.६ मीटर गेले. ओळींतल्या नळ्यांनी ०.४ मीटरच घेतले. पहिल्या ओळीजवळ ३.६ आणि शेवटच्या टोकाला १.६, यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढले तर दोन-तृतीयांश येते, म्हणजे शेवटच्या झाडाला पहिल्यापेक्षा एक-तृतीयांश पाणी कमी.

पुतण्याने सुचवल्याप्रमाणे सबमेन बारीक केली तर हे दुखणे बळावेल. अशा नळीत पाणी संथ थरांनी वाहत नाही, ते घुसळत वाहते, आणि त्या स्थितीत प्रवाह तोच ठेवला तर हरवणारी उंची व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ५० ऐवजी ६३ मिलिमीटरची नळी घातली तर व्यास सव्वापट होतो आणि १.६ मीटरची घट साधारण अर्ध्या मीटरवर येते. शेवटच्या तोट्या मग जास्त पाणी घेऊ लागतील, म्हणून प्रत्यक्षातील घट त्याहून थोडी अधिक राहील.

आता अंगठा. नळीचे तोंड मोकळे असते तेव्हा प्रवाह मोठा असतो, म्हणून टाकीने दिलेली बहुतेक उंची नळीच्या लांबीभर घर्षणात संपते आणि तोंडाशी दाब जवळजवळ उरतच नाही. अंगठा दाबला की एकूण पाणी कमी होते. पाणी कमी म्हणून घर्षण कमी, घर्षण कमी म्हणून अंगठ्यामागे दाब चढतो, आणि तोच दाब त्या फटीतून बाहेर पडताना वेगात रूपांतरित होतो. याला मर्यादाही आहे: ५ मीटर उंचीच्या पाण्याला सेकंदाला सुमारे ९.९ मीटरपेक्षा जास्त वेग मिळू शकत नाही, आणि सरळ वर धरलेली धार टाकीतल्या पातळीच्या वर जात नाही. हवे तर पुतण्याला करून पाहायला सांगा.

वेंच्युरीत गळा प्रवाहाच्या वाटेत मध्येच असतो, पुढे नळी पुन्हा रुंद होते आणि पाणी फारसे अडत नाही. जितके पाणी रुंद भागातून येते तितकेच गळ्यातून जायला हवे, म्हणून तेथे वेग वाढतो, आणि तो वेग दाबाच्या मोबदल्यात मिळतो. डॅनियल बर्नूलीने १७३८ साली प्रसिद्ध केलेले तत्त्व हेच. म्हणजे दोन्ही दाखल्यांत विरोध नाही; अंगठ्यामागचा दाब फटीच्या अलीकडे मोजलेला आहे, आणि वेंच्युरीतला दाब ऐन गळ्यात.

आपली वेंच्युरी खत का ओढत नाही, तेही यातूनच कळते. खत ‘ओढले’ जात नाही. बाहेरची हवा ते आत ढकलते, आणि त्यासाठी गळ्यातील दाब हवेच्या दाबाच्या खाली उतरावा लागतो. नळीत वेग सेकंदाला १ मीटर आणि गळा निम्म्या व्यासाचा धरला, तर गळ्यातला वेग चौपट होतो आणि दाब पाऊण मीटरने घटतो. पण आपल्याकडे तेथे ३.६ मीटर दाब आहे, म्हणजे गळ्यात अजून जवळपास २.८ मीटर शिल्लक राहतात आणि खताच्या नळीतून उलट पाणीच बाहेर येईल. गळा एक-तृतीयांश व्यासाचा असेल तर वेग नऊपट होऊन घट ४ मीटरच्या वर जाते आणि खत आत येऊ लागते, परंतु त्या गळ्यातून पुढे जाताना एवढी उंची कायमची वाया जाते की बागेला पाणीच पुरणार नाही. मोटारीच्या पाण्यात ही उधळपट्टी खपते. टाकीच्या जोडणीत खत सरळ टाकीत कालवून सोडणे बरे.

पांझराकाठ_साक्री

मोटारीच्या शंकेचे उत्तर मी देतो. खोलीबरोबर दाब वाढतो हे खरे, पण मोटारीला वर उचलणारे बल दाबातून मिळत नाही, तिच्या खालच्या आणि वरच्या बाजूंवरील दाबांच्या फरकातून मिळते. मोटार २ मीटरवर असो की २० मीटरवर, तिची स्वतःची उंची तीच राहते, म्हणून तो फरकही तोच राहतो. त्यामुळे हे वर उचलणारे (प्लावक) बल तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकेच असते, तळाशी असो वा पृष्ठभागालगत.

मोटारीचे वजन ४० किलो आणि आकारमान ७ लिटर धरले, तर पाण्यात ती ७ किलोने हलकी लागेल, त्याहून अधिक नाही. वर काढताना हात भरून येतात ते पाइपातल्या पाण्यानेही. नॉन-रिटर्न व्हॉल्वमुळे (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेमुळे) पाइप भरलेलाच राहतो आणि आतून ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे २ लिटर पाणी मावते. तो भाग विहिरीच्या पाण्यात बुडालेला असतो तोवर आतल्या पाण्याचे वजन बाहेरचे पाणी पेलते. पातळीच्या वर आला की दर मीटरला २ किलो आपल्या दोरावर येतात. १० मीटर पाइप पाण्याबाहेर लटकत असेल तर २० किलो केवळ पाण्याचेच झाले.

आमच्याकडे पांझरा नदीवर फडाचे (बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांच्या गटाला सामायिक द्यायच्या पद्धतीचे) जुने बंधारे आहेत. पाटातील पाण्याचा पृष्ठभाग उघडा, तेथे हवेशिवाय कसलाच दाब नाही; सारा कारभार उताराचा. त्यात व्हॉल्व नाही की फिल्टर नाही, म्हणून पाटाचे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या अंदाजावर सगळे चालते. तुलनेला बरे म्हणून सांगितले.

केळीबाग_रावेर

जाळी धुतली, फिल्टरची घट ०.२ मीटरवर आली. सर्वांचे आभार. संपूर्ण सबमेन बदलणे यंदा जमणारे नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

ठिबकजोडणी_चोपडा

दोन मार्ग आहेत, दादा. बागेचे दोन भाग करून एका वेळी निम्म्याच नळ्या चालवा. सबमेनमधला प्रवाह निम्म्याच्या आसपास आला की तेथील घट साधारण एक-चतुर्थांशावर येते, फक्त पाणी द्यायला वेळ जास्त लागतो. त्याहून चांगले म्हणजे टाकीकडून येणारी मुख्य लाईन सबमेनच्या एका टोकाला न जोडता तिच्या मधोमध आणून जोडा. मग दोन्हीकडे निम्मे निम्मे पाणी निम्म्या अंतरावर जाईल. निम्म्या प्रवाहामुळे घट चौथा हिस्सा आणि निम्म्या लांबीमुळे आणखी अर्धी, म्हणजे १.६ मीटरची जवळपास ०.२ मीटर होईल. मधल्या जागेपर्यंत आणायचा वाढीव तुकडा तेवढा ७५ मिलिमीटरचा घ्या; तो बारीक घेतला तर सबमेनमध्ये वाचवलेली उंची त्यातच जाईल.