स्पेनमधील ‘आठशे वर्षांचे बंधुत्व’ : एक असहमती

कृष्णाकाठ : या चर्चापीठावरील एका लेखात म्हटले आहे की ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनमध्ये मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती ‘भावाभावांसारखे’ गुण्यागोविंदाने नांदले आणि त्यात विष कालवले ते केवळ ख्रिस्ती राजांनी. हे वाचून गप्प राहवले नाही. ३० डिसेंबर १०६६ रोजी ग्रॅनाडात जमावाने ज्यू वजीर योसेफ इब्न नग्रेला याला ठार मारले आणि त्याच्या समाजाची कत्तल केली, तेव्हा तेथे राज्य मुसलमान झिरी घराण्याचे होते. ११४८ मध्ये कोर्दोबा अल्मोहादांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कडव्या मुसलमान राजवटीच्या, हाती गेल्यावर ज्यू आणि ख्रिस्ती या दोघांवरही धर्म सोडा नाहीतर देश सोडा अशी वेळ आली आणि ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मैमोनिदेसचे घर त्यातच उठले. जिझिया भरून, दुय्यम दर्जा पत्करून जे मिळते ते अभय. त्याला बंधुत्व म्हणणे ही मेलेल्यांशी प्रतारणा आहे.

पैलतीर : तो लेख माझा आहे. योसेफचा बाप शमुएल हा त्याच ग्रॅनाडाचा वजीर होता, सैन्याबरोबर मोहिमांवर जात होता आणि हिब्रूत कविता लिहीत होता, हे आपण का गाळलेत? मैमोनिदेस अखेर स्थिरावला तो इजिप्तमध्ये, तेथील सुलतान सलाहुद्दीनच्या वजिराचा वैद्य म्हणून, म्हणजे मुसलमानी राज्यातच. १०९६ मध्ये क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघालेल्या टोळ्यांनी जर्मनीतील माइन्झ आणि वर्म्स येथील ज्यूंची काय दशा केली, तेही त्याच शतकातले आहे.

मांडवीवासी : आपण दोघेही स्पेनमध्येच अडकला आहात. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालात ते ख्रिस्ती झाले. तो १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले आणि १५६३ मध्ये औषधींवरचा त्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. माझ्या आजीला सनावळ्या ठाऊक नव्हत्या. पोर्तुगीजांच्या धाकाने साष्टीतून कुलदेव घेऊन रातोरात फोंड्याकडे निघालेल्या पूर्वजांची गोष्ट सांगताना मात्र तिचा आवाज कापत असे. तिच्यापुढे आपले पुरावे मला फिके वाटतात.

शिलालेख : आपल्या आजींचा मान राखूनही सांगतो, येथे विषय तीन धर्मांच्या संबंधांचा आहे आणि प्रत्येक चर्चा गोव्याच्या देवळांवर नेण्याची सवय थांबली पाहिजे. ओर्ताचे उदाहरण महत्त्वाचे आहे ते वेगळ्या कारणाने. १४४९ मध्येच स्पेनमधल्या तोलेदो शहरात धर्मांतरित ज्यूंना त्यांच्या वंशावरून अधिकारपदे नाकारण्यात आली होती. म्हणजे बाप्तिस्मा घेऊनही सुटका नव्हती. संशय श्रद्धेवरून रक्तावर गेला होता.

मांडवीवासी : ज्यांचे देव हलले नाहीत, त्यांनी आम्हाला सवयी शिकवू नयेत. रक्ताचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो, कारण कातारिनाही बाप्तिस्मा झालेलीच होती.

पैलतीर : ‘भावाभावांसारखे’ हा शब्द मी मागे घेतो, त्याहून अधिक काही नाही.

कृष्णाकाठ : तेवढे पुरेसे नाही, तरी एक गोष्ट मलाही नाइलाजाने मान्य आहे. १४९२ मध्ये ख्रिस्ती राजांच्या हाती गेलेल्या ग्रॅनाडाच्या शरणागतीच्या तहात मुसलमानांना मशिदी, काजी आणि धर्म राखण्याचे लेखी वचन होते. १५०२ मध्ये स्पेनमधील कास्तील राज्याच्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच उरले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या वंशजांनाही १६०९ पासून देशाबाहेर काढण्यात आले. ज्या अभयाला मी वर अपुरे म्हटले, तेवढेही या राजांनी दहा-अकरा वर्षांपलीकडे टिकू दिले नाही.