सी लॅम्प्रेच्या नियंत्रणासाठी दोन देशांचा संयुक्त आयोग कशासाठी?

जलजिज्ञासू: उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत शिरलेल्या सी लॅम्प्रे या परजीवी माशाविषयी वाचताना एक शंका मनात आली. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५४ साली करार करून त्याच्या बंदोबस्तासाठी संयुक्त मत्स्य आयोग नेमला. प्रत्येक देशाने आपापल्या हद्दीतील नद्या साफ केल्या असत्या, तर भागले नसते का? शिवाय इतकी वर्षे विष वापरूनही हा मासा नाहीसा झालेला नाही; मग याला यश कसे म्हणावे?

काठावरचा: हा मासा सामन माशाप्रमाणे जन्मनदीतच परतत असता, तर आपले म्हणणे बरोबर ठरले असते. पण वर्ष-दीड वर्ष इतर माशांचे रक्त शोषून झाल्यावर प्रौढ लॅम्प्रे ज्या नदीच्या पाण्याला स्वजातीच्या पिल्लांचा गंध येतो, तिच्यात चढतो, मग ती कोणत्याही देशाची असो. एक मादी लाखभर अंडी घालू शकते. त्यामुळे ह्युरॉन सरोवराला मिळणारी कॅनडातील एखादी नदी दुर्लक्षित राहिली, तर तिच्यात वाढलेले लॅम्प्रे मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावरील ट्राउट माशांनाही चिकटणार. मूळचा अटलांटिकमधला हा मासा नायगाराच्या धबधब्यामुळे वरच्या सरोवरांपासून दूर राहिला होता. धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याने त्याला वाट मिळाली, १९२१ साली तो ईरी सरोवरात आढळला आणि १९३०चे दशक संपण्यापूर्वी सुपीरियर सरोवरापर्यंत पोहोचला. लेक ट्राउटचा ऱ्हास एकट्या लॅम्प्रेमुळे झाला असे नाही, अतिमासेमारीही कारणीभूत होती. पण एक लॅम्प्रे आपल्या परजीवी आयुष्यात सुमारे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो, हे ध्यानात घ्यावे.

मत्स्याभ्यासक: दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. लॅम्प्रेची पिल्ले काही वर्षे नदीतळाच्या गाळात पुरून राहतात, म्हणून घाव तिथेच घालता येतो. मिशिगनमधील हॅमंड बे येथील संशोधन केंद्रात हजारो रसायने तपासल्यावर टीएफएम हे लॅम्प्रेची पिल्ले मारणारे रसायन हाती लागले आणि १९५८ साली त्याचा नदीत पहिला वापर झाला. बहुतेक मासे हे रसायन शरीरात निष्प्रभ करून बाहेर टाकतात, लॅम्प्रेला ते नीट जमत नाही. विषप्रयोग अमेरिकेची मत्स्य व वन्यजीव सेवा आणि कॅनडाचे मत्स्य खाते करते. निधी आणि समन्वय आयोगाकडे आहे. लॅम्प्रेची संख्या पूर्वीच्या तुलनेत सुमारे ९० टक्क्यांनी घटली, पण दर काही वर्षांनी त्याच नद्यांत पुन्हा उतरावेच लागते. २०२० आणि २०२१मध्ये महासाथीमुळे हे काम आखडले, तेव्हा पुढे लॅम्प्रे पुन्हा वाढले. समूळ उच्चाटन ही माझ्या मते चुकीची कसोटी आहे. ट्राउटच्या अंगावरच्या जखमा किती कमी झाल्या, हे पाहावे. शँप्लेन सरोवरात न्यूयॉर्क आणि व्हर्मॉन्ट ही राज्ये केंद्रीय सेवेसोबत हाच कार्यक्रम राबवतात आणि तिथे दर शंभर लेक ट्राउटमागे २५ किंवा त्याहून कमी जखमा, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

जलजिज्ञासू: जखमांची कसोटी पटली. पण या विषाने दुसरे जीव मरत नाहीत का?

काठावरचा: मरतात. स्थानिक जातींचे लॅम्प्रे, मडपपी हा उभयचर आणि स्टर्जन माशाची लहान पिल्ले यांना धोका असतो, त्यामुळे मात्रा आणि हंगाम काटेकोरपणे ठरवावा लागतो. म्हणूनच लॅम्प्रेला अडवणाऱ्या धरणांचे महत्त्व वाढते, पण खरा पेचही तिथेच आहे: जुने धरण पाडले की स्टर्जनसारख्या माशांना वरच्या पात्राची वाट मोकळी होते आणि लॅम्प्रेलाही. मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथील बोर्डमन नदीवर हाती घेतलेल्या फिशपास प्रकल्पात हवे ते मासे वर सोडून लॅम्प्रेला खालीच रोखण्याच्या पद्धती पारखायच्या आहेत. ही निवड भरवशाने करता येईपर्यंत तरी खालच्या टप्प्यातील धरणे पाडण्याची घाई करू नये, असे मला वाटते.