पोलंड वेगाने धावला, पण कुठे?

कम्युनिस्ट राजवट गेल्यावर पोलंडने एका झटक्यात अर्थव्यवस्था खुली केली म्हणून तो तरला आणि रशिया कचरला म्हणून बुडाला, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

१ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांच्या सुधारणा योजनेत बहुतेक किमती सरकारी नियंत्रणातून मोकळ्या झाल्या, हे खरं. पण मोठे सरकारी कारखाने विकायची पोलंडने घाई केली नाही. कामगारांनी ती करू दिली नसती. झपाट्याने वाढली ती किरकोळ विक्री. वॉर्सात लोक फुटपाथवर घडीच्या खाटा मांडून त्यावर मांस, जीन्स, बर्लिनहून आणलेला माल विकायला बसले. शेती तर कम्युनिस्ट काळातही बहुतांशी खासगीच होती (हे चर्चेत नेहमी गळतं). शिवाय १९९१ मध्ये पाश्चात्त्य सरकारांनी पोलंडला दिलेलं निम्मं कर्ज माफ केलं.

उलट खासगीकरणात रशियाच पुढे होता! ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला १०,००० रुबलचं व्हाउचर (सरकारी कंपन्यांचे शेअर घेण्याचं कुपन) मिळालं. त्या वर्षी महागाई २,५०० टक्क्यांच्या घरात. नड असलेल्यांनी ते मिळेल त्या भावाला फुंकून टाकलं आणि बरेच कारखाने जुन्या व्यवस्थापकांच्याच खिशात गेले. १९९५ मध्ये 'कर्जाच्या बदल्यात शेअर' योजनेत (बँकांनी सरकारला कर्ज द्यायचं, तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे शेअर घ्यायचे) नोरिल्स्क निकेल ही धातू कंपनी, युकोस ही तेल कंपनी अशा कंपन्या मर्जीतल्या बँकांना कवडीमोलाने मिळाल्या. याला कचरणं कसं म्हणायचं?

पोलंडमध्येही सगळं गोड नव्हतं. सरकारी शेतं बंद पडली त्या उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या गावांतली बेकारी वर्षानुवर्षं हटली नाही.