वाचता न येणारं पोस्टर चांगलं कसं? (सॅन फ्रान्सिस्को, १९६६-६८)

अक्षरवेडा: फिलमोअर आणि अ‍ॅव्हलॉन बॉलरूम या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगीत-सभागृहांच्या रॉक पोस्टर्सना आज संग्रहालयांत जागा आहे. माझ्या मते ती चित्रं म्हणून देखणी, पण पोस्टर म्हणून नापास. पोस्टर-चित्रकार वेस विल्सनचं जुलै १९६६ चं 'द असोसिएशन' या बँडचं पोस्टर बघा. हिरव्यावर लाल ज्वाळा आणि त्या ज्वाळांतच बँडची नावं, ती लावत लावत वाचावी लागतात. कोण, कुठे, कधी हे चटकन सांगत नाही ती जाहिरात कसली?

छापखाना: वाचकाला थांबवणं हाच तर हेतू होता! त्याच काळातला पोस्टर-चित्रकार व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सकडे रंग शिकला आणि तिथे टाळायला शिकवलेलं त्याने मुद्दाम केलं. रंग कडेवर थरथरल्यासारखे दिसावेत म्हणून कृती अशी: लाल आणि निळा, दोन्ही पूर्ण तीव्र, उजळपणा सारखा, कडा एकमेकींना भिडलेल्या. फोनवर कृष्णधवल करून बघा, अक्षरं करड्यात विरली तर जमलं. छापताना घोळ होतो रजिस्टरमध्ये, म्हणजे दोन रंगांच्या प्लेट एकमेकींशी अचूक जुळवण्यात. प्लेट अर्धा मिलिमीटर सरकली तरी एका कडेला कागदाची पांढरी रेघ उघडी पडते, दुसऱ्या कडेला शाईवर शाई चढून काळपट पट्टी येते आणि रंगांची थरथर तिथेच मरते. हे ऑफसेटवर जमवणं सोपं नाही.

अक्षरवेडा: कारागिरी मान्य. पण तुमची कृतीच माझा मुद्दा सिद्ध करते. अक्षराची कड डोळ्याला सापडते ती गडद-फिकट फरकामुळे, आणि तोच तुम्ही काढून टाकलात. ज्याची नजर अधू, त्याने काय करायचं?

जुना_कागद: पोस्टर कुणासाठी होतं ते बघा की. फिलमोअरचे कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमच्या मालिकेत १९६६ ते १९७१ मध्ये पावणेतीनशेहून जास्त पोस्टर्स निघाली. तोच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येणारा, त्याच्या डोळ्याला हे वळण सवयीचं झालेलं. लोक ती भिंतीवरून काढून घरी नेत.

रेघोटी: आणि त्यात नवं काय? विल्सनचं अक्षर व्हिएन्नाचा चित्रकार आल्फ्रेड रोलर याच्याकडून घेतलेलं. माउस आणि केली या पोस्टर-चित्रकारांचा ग्रेटफुल डेड या बँडसाठीचा गुलाबांतला सांगाडा तर चित्रकार एडमंड सलिव्हनने उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेला.

जुना_कागद: सांगाडा सलिव्हनचाच, वाद नाही. पण मूळ चित्र पुस्तकाच्या पानावरचं, काळ्या रेघांचं. या दोघांनी १९६६ च्या सप्टेंबरात त्याला रंग दिले, भोवती अक्षरं बसवली, आणि तो एका बँडची ओळख होऊन बसला. सलिव्हनचं नाव पोस्टरवर हवं होतं, एवढं मात्र मी तुमच्या बाजूने म्हणेन.