लहान चौकटीवरचे विणकाम: कडा आत ओढल्या जातात, आणि नक्षी नुसती चित्राची नक्कल वाटते

प्रश्न (खानापूर)
नमस्कार. लाकडी चौकटीवर खिळे ठोकून केलेल्या वीतभर रुंदीच्या मागावर मी भिंतीवर लावण्याचे तुकडे विणते. ताणा (उभे धागे) सुती आहे. बाण्यासाठी (आडव्या धाग्यांसाठी) वडगावच्या यंत्रमागांवर उरलेल्या दशा, म्हणजे धाग्यांची सुटी टोके, आणि घोंगडीची काळी लोकर वापरते. तुकडा मध्यावर कमरेसारखा अरुंद होतो. शिवाय कागदावरचे चित्र जसेच्या तसे उतरवल्यामुळे त्यात विणकामाचे असे काहीच उरत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (शहापूर)
कडा आत येण्याचे कारण बहुधा बाणा ताणून भरणे हेच असते. धागा सरळ न ओढता कमानीसारखा वर उचलून ठेवावा आणि मग फणीने किंवा जाड दातांच्या कंगव्याने खाली बसवावा. ताण्याच्या खालून-वरून जाताना जी जास्तीची लांबी लागते, ती त्या कमानीतून मिळते. दशांमधले कृत्रिम रेशीम गुळगुळीत असल्यामुळे ते दाबूनही सरकते, म्हणून तीन-चार पदर एकत्र घ्यावेत आणि मधूनमधून लोकरीची ओळ भरावी. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ असते व शेजारच्या ओळीला धरून ठेवते. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, कारण ते केस एकमेकांत गुंततात. आपण ही लोकर फक्त बाण्यात वापरत असल्याने खळीची खटपट नको.

उत्तर (निपाणी)
दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. चित्र आधी आणि धागा नंतर, हा क्रमच उलटा करून पाहावा. दोन रंग एका उभ्या रेषेवर भेटतात तेव्हा धागे एकमेकांत न अडकवता मागे फिरवले, तर तिथे फट पडते. पैठणीचे विणकर धाग्यात धागा अडकवून ती फट मिटवतात आणि त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. आपण मात्र फट मुद्दाम ठेवू शकता: भिंतीपासून बोटभर पुढे टांगलेल्या तुकड्यात तिची सावली पडते, आणि ती रेषा कोणत्याही रंगीत धाग्याने काढता येत नाही. काही भागात बाणा भरूच नये, ताणा उघडा दिसू द्यावा. अमेरिकन विणकर-कलाकार शीला हिक्स यांनी 1950 च्या दशकापासून साध्या चौकटीवर असे लहान तुकडे विणले आहेत. त्यांत मोकळा ताणा, गाठी आणि अर्धवट भरलेल्या ओळी हीच रचना असते. सुंदर चित्र हवे असेल तर रंगवावे, त्यासाठी माग कशाला?

प्रश्नकर्ती
आभारी आहे. अर्ध्या तुकड्यात सुती आणि अर्ध्यात लोकरीचा ताणा घेता येईल का?

उत्तर (शहापूर)
येईल, आणि त्यासाठी फार दूर पाहायला नको. इरकली लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा वेगवेगळे असतात. एकाच्या टोकाचे फास दुसऱ्याच्या फासांत अडकवून दोन्ही जोडतात. आपल्या चौकटीवरही खालच्या खिळ्यांवरून सुती फास आणि वरच्या खिळ्यांवरून लोकरीचे फास घेऊन मध्यावर एकमेकांत ओवावेत. लोकर ताणली की लांबते, म्हणून प्रत्येक जोडीचा ताण बोटाने दाबून सारखा करावा, आणि सांध्याच्या लगत दोन्ही बाजूंना पातळ सुती बाण्याच्या चार-पाच ओळी भराव्यात. सांधा लपवू नये.